गाडी सुटली, जाग आली!

फलाटावरून गाडी हलते. तुम्ही जिवाच्या आकांताने धावता, बॅगेचा पट्टा खांद्यावरून घसरतो, शेवटचा डबा हातभर अंतरावरून निघून जातो आणि दचकून जाग येते. अंगाला घाम, छातीत धडधड. मग आठवतं, आज रविवार आहे आणि आपल्याला कुठंही जायचं नाहीये!

कधी गाडीच्या जागी विमान असतं, कधी एसटी. सकाळी चहाच्या वेळी हे स्वप्न सांगितलं की घरात कुणीतरी हमखास म्हणतं, 'सांभाळून राहा, हातचं काहीतरी जाणार.' असं काही नसतं. वैद्यांनी, ऋषींनी, मानसशास्त्रज्ञांनी आणि झोपेच्या प्रयोगशाळांनी या स्वप्नाबद्दल जे सांगून ठेवलंय, ते वाचून उलट हायसं वाटेल. माझं तर ठाम मत आहे की हे अपशकुनाचं नव्हे, जबाबदारी मनावर घेणाऱ्या माणसाचं स्वप्न आहे. का, ते पाहूच.

दहातल्या सहांची गाडी चुकते

कॅनडातल्या विद्यापीठीय विद्यार्थ्यांची एक मोठी पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली. विद्यार्थ्यांपुढे ५५ स्वप्नांची यादी ठेवली होती आणि यातलं कोणतं स्वप्न आयुष्यात एकदा तरी पडलंय, एवढंच विचारलं होतं. कुणीतरी पाठलाग करतंय, हे स्वप्न पहिलं आलं. त्यानंतर शृंगारिक स्वप्नं, उंचावरून पडणं, शाळा-अभ्यास आणि पाचव्या क्रमांकावर 'उशिरा पोहोचणं, उदाहरणार्थ गाडी चुकणं'. दहातल्या जवळपास सहा जणांना ते पडलेलं होतं. हवेत उडण्याचं स्वप्न याच्या मागे राहिलं आणि ज्याची एवढी चर्चा होते ते दात पडण्याचं स्वप्न तर कितीतरी मागे. थोडक्यात, स्वप्नातल्या त्या फलाटावर भरपूर गर्दी आहे.

पाय का उचलत नाहीत?

१९५३ साली शिकागो विद्यापीठातल्या युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिअल क्लाइटमन यांनी झोपेचा एक नवाच टप्पा जगासमोर आणला. या टप्प्यात मिटल्या पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात, म्हणून त्याचं नाव रेम (रॅपिड आय मूव्हमेंट) झोप. असेरिन्स्कींनी सुरुवातीला यंत्राच्या तारा आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्याच डोक्याला जोडल्या होत्या! आपली सर्वांत रंगतदार, गोष्टीसारखी स्वप्नं बहुतेक याच झोपेत पडतात.

याच वेळी मेंदू हातापायांच्या स्नायूंना ढिलं सोडतो. तसं केलं नसतं, तर आपण स्वप्नातली गाडी पकडायला खरोखरच पलंगावरून धावत सुटलो असतो. पळायचा हुकूम सुटतोय पण पाय जागचे हलत नाहीत, या स्वप्नातल्या अनुभवाचं एक स्पष्टीकरण इथं सापडतं. पाय चिखलात रुतल्यासारखे वाटतात, कारण शरीर त्या क्षणी खरोखरच स्थिर असतं.

'पुढच्या गाडीने जाऊ' हे सुचत का नाही?

जागेपणी गाडी चुकली की आपण दोन मिनिटं हळहळतो आणि पुढची गाडी किती वाजता आहे ते बघतो. स्वप्नात हा साधा विचार शिवतही नाही. मेंदूची छायाचित्रं काढणाऱ्या संशोधकांना याचं कारण १९९०च्या दशकात दिसलं. रेम झोपेत भीती आणि भावना हाताळणारा अमिग्डाला हा भाग जोरात काम करत असतो. कपाळामागचा, आखणी आणि तर्क करणारा भाग मात्र मंदावलेला असतो. घाबरवणारा जागा आणि समजावणारा झोपलेला, अशी अवस्था. त्यामुळे स्वप्नातल्या प्रत्येक फलाटावर येणारी गाडी ही शेवटचीच गाडी असते.

फलाटावरचं घड्याळ दोनदा बघा

स्वप्नातलं घड्याळ विश्वासाचं नसतं. एकदा पाहिलं तर पावणेनऊ, नजर वळवून पुन्हा पाहिलं तर सव्वातीन. तिकिटावरचा मजकूरही असाच बदलतो. आपण स्वप्नात आहोत हे स्वप्नातच ओळखायला शिकवणारे तज्ज्ञ म्हणूनच सांगतात की घड्याळ किंवा पाटी लागोपाठ दोनदा वाचा. आकडे बदलले तर समजा की हे स्वप्न आहे.

असं भान येणं खरोखर शक्य असतं. १९७५ साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांच्या प्रयोगात अ‍ॅलन वर्स्ली या स्वप्न पाहणाऱ्या गृहस्थांनी झोपेतूनच आधी ठरवलेल्या पद्धतीने डोळे डावी-उजवीकडे फिरवून खूण दिली होती. 'मी स्वप्नात आहे आणि मला ते कळतंय,' असा त्या खुणेचा अर्थ.

स्टेशनची घंटा की उशाचा गजर?

१९व्या शतकात आल्फ्रेड मोरी या फ्रेंच अभ्यासकाला एक भीषण स्वप्न पडलं. फ्रेंच राज्यक्रांती, खटला, शिक्षा आणि शेवटी गिलोटिनचं पातं मानेवर. दचकून उठून बघतात तर पलंगाची फळी मानेवर पडलेली! बाहेरची घटना मेंदू अशी चटकन कथेत ओढून घेतो.

१९५८ साली विल्यम डिमेंट आणि एडवर्ड वोल्पर्ट या संशोधकांनी हे मोजूनच पाहिलं. झोपलेल्यांच्या अंगावर गार पाणी शिंपडलं तेव्हा १०० पैकी ४२ वेळा पाणी स्वप्नात शिरलं. उजेड पाडला तेव्हा २३ वेळा. नुसता आवाज केला तेव्हा फक्त ९ वेळा. तेव्हा मोबाइलचा गजर कधीतरी स्वप्नात स्टेशनची घंटा होऊन वाजतो हे खरं, पण खिडकीतून पावसाची सर अंगावर आली तर स्वप्नातली गाडी भिजण्याची शक्यता जास्त!

आधी वेळापत्रक, मग धास्ती

बैलगाडी मिनिटावर सुटत नव्हती. होडी भरती-ओहोटी बघून निघायची. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून ठाण्याकडे १४ डबे आणि सुमारे ४०० पाहुणे घेऊन गाडी सुटली. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं तिला जोडलेली होती. त्या दुपारपासून आपल्याकडे एक नवी गोष्ट आली. एका मिनिटाच्या उशिराने ३४ किलोमीटरचा प्रवास हुकू शकतो, ही जाणीव. उशीर होण्याची भीती माणसाला पूर्वीही असणारच. तिला शिट्टी, धूर आणि लांब होत जाणारा शेवटचा डबा हे रूप मात्र रेल्वेने दिलं.

एकच शहर, दोन घड्याळं

आपल्या आजोबा-पणजोबांना तर स्वप्नाचीही गरज नव्हती! १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, पण मुंबईने आपली जुनी वेळ सोडायला नकार दिला. मुंबईची वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होती. रेल्वे प्रमाणवेळेवर धावायची आणि शहरातली कित्येक घड्याळं मुंबईच्या वेळेवर. स्टेशनात ९ वाजले तेव्हा मुंबईच्या वेळेप्रमाणे ८ वाजून २१ मिनिटंच झालेली असायची. या दुहेरी वेळेचा कारभार अधिकृतपणे १९५५ पर्यंत चालला. घड्याळात बघून निवांत निघालेल्या माणसाची गाडी सुटून गेलेली असणं, हा तेव्हा जागेपणीचा अनुभव होता.

एका चुकलेल्या गाडीने जगाची घड्याळं लावली

१८७६ चा उन्हाळा. कॅनडातले रेल्वे अभियंता सँडफोर्ड फ्लेमिंग आयर्लंडमधल्या बंडोरन इथल्या स्टेशनावर गाडीची वाट बघत होते. वेळापत्रकात ५ वाजून ३५ मिनिटांपुढे 'सायंकाळ' छापलेलं होतं. असायला हवं होतं 'पहाट'. गाडी केव्हाच येऊन गेली होती आणि फ्लेमिंगना रात्र तिथंच काढावी लागली.

दुसरा कुणी असता तर चडफडून गप्प बसला असता. फ्लेमिंग मात्र दिवसाचे २४ तास सलग मोजावेत आणि साऱ्या जगाची वेळ एका सूत्रात बांधावी, या विचाराच्या मागे लागले. वर्षानुवर्षं त्यांनी तो लावून धरला. १८८४ साली वॉशिंग्टनला २५ देशांची परिषद भरली, त्यात ते प्रतिनिधी होते. ग्रीनिचचं रेखावृत्त मूळ धरायचं, हे तिथंच ठरलं. आपल्या रेल्वेच्या वेळापत्रकात आज रात्रीचे साडेआठ २०.३० असे छापतात. सकाळ-संध्याकाळचा घोळ टाळण्याचा फ्लेमिंग यांचा आग्रह हाच होता.

आठ-सतरा, आठ-त्रेचाळीस, नऊ-दोन

मुंबईत लोकलची ओळख म्हणजे तिची वेळ. 'आठ-सतरा मिळाली का?' एवढं विचारलं की पुरे. उपनगरी मार्गांवर रोज तीन हजारांहून जास्त फेऱ्या होतात. एक गेली की चार-पाच मिनिटांत दुसरी हजर. मग एका लोकलची एवढी हुरहूर कशाला?

फलाटावर जरा निरखून पाहा. इंडिकेटरकडे एक नजर: वेळ, शेवटचं स्टेशन, फास्ट की स्लो, बारा डबे की पंधरा. रोजच्या प्रवाशाला तेवढीही गरज नसते. आपल्या डब्याचा दरवाजा फलाटावर नेमका कुठं येणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. कुठल्याशा खांबाच्या पुढे दोन पावलं, पाठीवरची सॅक पोटावर घेतलेली आणि गाडी थांबायच्या आत एक पाय पुढे. त्या डब्यात त्याची माणसं असतात. जागा धरून ठेवणारा मित्र, टाळ घेऊन बसलेली भजनी मंडळी, बायकांच्या डब्यात निवडली जाणारी भाजी आणि साजरे होणारे वाढदिवस. दसऱ्याला झेंडूच्या माळा लावून त्या डब्याची पूजासुद्धा होते. पाच मिनिटांनी येणारी गाडी ऑफिसात पोहोचवेल, पण ही सोबत त्या दिवसापुरती चुकलेलीच असते. रोजचा प्रवास थांबल्यावरही ज्यांच्या स्वप्नात आठ-सतरा येते, त्यांना बहुधा ही माणसंच बोलावत असतात.

पाच मिनिटं की अर्धा तास?

मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९८२ साली लोकांना एक गोष्ट सांगितली. दोन प्रवासी एकाच मोटारीतून विमानतळावर निघाले, वाहतुकीच्या कोंडीत अडकले आणि अर्धा तास उशिरा पोहोचले. पहिल्याचं विमान वेळेवर गेलं होतं. दुसऱ्याचं विमान रखडलं होतं आणि पाचच मिनिटांपूर्वी उडालं. जास्त चुटपुट कुणाला लागेल?

दोघांचं नुकसान अगदी सारखं, तरीही ९६ टक्के लोकांनी दुसऱ्याचं नाव घेतलं. 'जरा आधी निघालो असतो तर' हे चित्र त्याला सहज रंगवता येतं आणि तेच छळतं. आता आपलं स्वप्न आठवून पाहा. गाडी तासाभरापूर्वी गेली, असं त्यात सहसा नसतं. ती डोळ्यांदेखत, हाताला लागता लागता सुटते. चुटपुट सर्वांत जास्त लावणारा क्षण मन नेमका निवडतं.

रेल्वे चुकणं आणि विमान चुकणं

रेल्वे डोळ्यांसमोर चुकते. विमान चुकतं ते काउंटरपाशी. देशांतर्गत विमानाचं चेक-इन बहुधा तासभर आधी बंद होतं आणि बोर्डिंग गेट साधारण २५ मिनिटं आधी. विमान काचेपलीकडे उभं दिसत असतं, तरी तुमच्यापुरतं ते गेलेलं असतं. म्हणून विमानाच्या स्वप्नात धावाधाव कमी आणि अडथळे फार: पासपोर्ट सापडत नाही, बॅग भरून होत नाही, रांग सरकत नाही, गेटचा नंबर बदलतो.

अशा स्वप्नात आपल्या बळापेक्षा दुसऱ्याच्या परवानगीवर काहीतरी अडलेलं असतं. व्हिसा, नेमणूक, कर्ज, निकाल यांची वाट पाहणाऱ्याने हे ताडून बघावं. आईवडील गावी आणि आपण न्यू जर्सीत किंवा दुबईत, अशा मराठी मुलामुलींनी या स्वप्नाचा अर्थ शोधायला पुस्तक उघडायची गरज नाही. वेळेवर पोहोचता येईल ना, ही एकच काळजी त्यात बोलत असते. तिच्यामागे निव्वळ माया आहे.

रथ नसतात, रस्तेही नसतात

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य जनकराजाला स्वप्नाबद्दल सांगतात. तिथं रथ नसतात, रथाला जुंपायचे घोडे नसतात, रस्तेही नसतात. स्वप्न पाहणारा हे सारं स्वतःच निर्माण करतो. रथाच्या जागी लोकल ठेवा, विचार जसाच्या तसा लागू पडतो. गाडी तुमची, रूळ तुमचे, वेळापत्रक तुमचं आणि उशीरही तुम्हीच रचलेला. स्वप्नाचा अर्थ बाहेरून कुणी सांगण्याआधी आपणच आपल्याला विचारावा, हा धडा इतका जुना आहे.

दुसऱ्या शतकातला ग्रीक स्वप्नज्ञ आर्टेमिडोरस याने स्वप्नांवर पाच भागांचा ग्रंथ लिहिला. तोही हेच बजावतो की एकाच स्वप्नाचा अर्थ सगळ्यांना सारखा नसतो. आधी माणसाचा धंदा, परिस्थिती, सवयी विचारा, मग बोला.

चरकांची चाळणी

चरकसंहितेत स्वप्नांचे सात प्रकार सांगितलेत. डोळ्यांनी पाहिलेल्याचं ते दृष्ट, ऐकलेल्याचं श्रुत, अनुभवलेल्याचं अनुभूत, इच्छिलेल्याचं प्रार्थित आणि कल्पनेतलं कल्पित. सहावं पुढचं सुचवणारं भाविक आणि सातवं शरीरातल्या दोषांमुळे पडणारं दोषज. यातली पहिली पाच निष्फळ समजावीत, असं चरक वैद्यांना बजावतात. फार त्रोटक, फार लांबलेली आणि दिवसा पडलेली स्वप्नंही त्यांनी निष्फळांत टाकली आहेत.

आता सांगा, रोज गाडी पाहणारा, तिची घोषणा ऐकणारा, तिच्यामागे धावणारा आणि ती मिळावी म्हणून देवाला साकडं घालणारा माणूस रात्री तेच बघतो, तर ते या चाळणीतून कुठं पडेल? शकुन-अपशकुनाच्या धास्तीतून चरकांनी आपल्याला केव्हाच सोडवलंय.

फ्रॉइडचं समाधान

सिग्मंड फ्रॉइड यांचं स्वप्नांवरचं प्रसिद्ध पुस्तक नोव्हेंबर १८९९ मध्ये बाजारात आलं, पण प्रकाशकाने त्यावर १९०० हे साल छापलं. पहिल्या आवृत्तीच्या ६०० प्रती खपायला आठ वर्षं लागली! गाडी चुकण्याच्या स्वप्नाचा फ्रॉइडनी लावलेला अर्थ ऐकून चकित व्हायला होतं. त्यांच्या मते प्रवासाला निघणं हे मृत्यूचं प्रतीक. तेव्हा गाडी चुकली म्हणजे मन तुम्हाला धीर देतंय: काळजी करू नका, तुम्ही एवढ्यात जात नाही!

या स्वप्नाला त्यांनी परीक्षेच्या स्वप्नाशेजारी बसवलं. ते स्वतः न्यायवैद्यकाच्या परीक्षेत नापास झाले होते, पण तो विषय त्यांच्या स्वप्नात कधीच आला नाही. यायचे ते वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, रसायनशास्त्र. म्हणजे ज्यांची धास्ती घेतली आणि तरीही जे पार पडले, असे विषय. तेव्हाही घाबरला होतास आणि निभावलंस, याची ती आठवण असते, असं त्यांनी मांडलं. मृत्यूचं प्रतीक मला पटत नाही. ही दुसरी गोष्ट मात्र मनापासून पटते.

फ्रॉइड स्वतः मात्र वेळेआधी हजर

प्रवासाची धास्ती फ्रॉइडनाही होती. गाडीच्या बरंच आधी ते स्टेशन गाठत. १८९८ च्या उन्हाळ्यात सुट्टीवर निघाले तेव्हा व्हिएन्नाच्या पश्चिम स्टेशनवर ते इतक्या लवकर पोहोचले की आधीची गाडीच अजून उभी होती. तिथं ऑस्ट्रियाचे पंतप्रधान काउंट थुन आले आणि तिकीट तपासणाऱ्याला हाताने बाजूला सारून थेट डब्यात जाऊन बसले. फ्रॉइड मनातून चिडले. त्यातून त्यांच्या वाट्याला आलेल्या डब्यात शौचालयही नव्हतं. रात्री राजकारण, घोडागाडी आणि स्टेशन यांची सरमिसळ असलेलं लांबलचक स्वप्न पडलं आणि पहाटे पावणेतीनला लघवीला जायच्या निकडीने ते जागे झाले. त्या एका स्वप्नावर त्यांनी पुस्तकात पानंच्या पानं लिहिली!

युंग आणि वळणावरची गाडी

मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्याकडे चाळिशीचे एक मुख्याध्यापक आले. गरीब शेतकरी घरातून स्वतःच्या हिमतीवर वर आलेले. आता त्यांना अजून मोठी जागा खुणावत होती, पण चक्कर, धडधड, मळमळ असा त्रास सुरू झाला होता. अगदी उंच डोंगरावर विरळ हवेत होतो तसा.

त्यांचं स्वप्न असं: प्रवासाला निघायचंय, वस्तू सापडत नाहीत, कागदपत्रांची बॅग घरीच राहते, मागे फिरतात, पुन्हा धावतात, पाय पुढे पडत नाहीत. फलाटावर येतात तर गाडी सुटलेली. गाडी लांबलचक, रूळ नागमोडी. त्यांच्या मनात येतं की इंजिन सरळ रुळावर आल्यावर ड्रायव्हरने एकदम वेग वाढवला, तर मागचे डबे अजून वळणावरच असतील आणि घसरतील. ओरडून सांगायचा प्रयत्न करतात. ड्रायव्हर वेग वाढवतोच आणि मागचे डबे रुळांवरून फेकले जातात.

युंगनी अर्थ लावला तो असा. इंजिन म्हणजे त्यांची पुढे झेपावणारी महत्त्वाकांक्षा. मागचे डबे म्हणजे त्यांचं सोबत येणारं सारं आयुष्य, जे अजून वळणावरच आहे. तुम्ही पुष्कळ उंच आला आहात, आता जरा थांबा, असं स्वप्न सांगतंय. गाडी चुकण्याच्या स्वप्नाचा इतका सुंदर अर्थ मी दुसरीकडे वाचलेला नाही. यात गाडी चुकणं हे अपयश उरत नाही. फलाटावर थांबलेल्या माणसालाच पूर्ण गाडी दिसते, वळणही दिसतं आणि धोकाही.

आज प्रवास, आठवड्याने स्वप्न

फ्रेंच शास्त्रज्ञ मिशेल जुवे यांनी आपली २,५२५ स्वप्नं नोंदवून ठेवली आणि १९७९ साली त्यांचा हिशेब मांडला. प्रवासाला गेलं की नव्या जागेची दृश्यं स्वप्नात यायला साधारण आठवडा लागतो, असं त्यांना दिसलं. पुढच्या संशोधकांनाही हेच आढळलं: घटना एकतर त्याच रात्री स्वप्नात येते, नाहीतर पाच-सात दिवसांनी पुन्हा डोकावते. तेव्हा गाडी चुकल्याचं स्वप्न पडलं तर कालच्या दिवसाबरोबर गेल्या आठवड्याचाही आढावा घ्या.

पहाटेचं स्वप्न

पहाटेचं स्वप्न खरं होतं, असं आपण लहानपणापासून ऐकतो. खरं होवो न होवो, ते लक्षात नक्की राहतं. झोपेची आवर्तनं साधारण दीड-दीड तासाची असतात आणि रात्र सरत जाते तसा त्यातला रेम झोपेचा वाटा वाढत जातो. पहाटे स्वप्नं लांब, ठसठशीत पडतात आणि त्यातूनच थेट जाग येते. सकाळच्या गाडीची घाई असणाऱ्याला त्याच वेळी ती चुकल्याचं स्वप्न पडावं, यात नवल ते काय!

रात्रीची रंगीत तालीम

फिनलंडचे संशोधक अंटी रेवोन्सुओ यांनी २००० साली मांडलं की स्वप्नं म्हणजे संकटाचा सराव. पूर्वजांना श्वापदांचा, तर आपल्याला चुकणाऱ्या गाडीचा.

याला जोडून पॅरिसचा एक अभ्यास वाचायलाच हवा. वैद्यकीय शाखेच्या अतिशय चुरशीच्या परीक्षेला बसलेल्या ७१९ विद्यार्थ्यांना इझाबेल आर्नुल्फ आणि सहकाऱ्यांनी स्वप्नांबद्दल विचारलं. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आदल्या रात्री ६० टक्के मुलांना परीक्षेचं स्वप्न पडलं होतं आणि त्यातली तीन चतुर्थांशांहून जास्त स्वप्नं वाईट होती. उशीर झालाय, उत्तरं आठवत नाहीत, असलीच सारी. पण ज्यांच्या स्वप्नात परीक्षा आली, त्यांना प्रत्यक्षात सरासरीने गुण जास्त मिळाले!

स्वप्न पडलं म्हणून गुण वाढले, असं यातून सिद्ध होत नाही. ज्याने वर्षभर जीव ओतला, त्याच्या रात्रीतही परीक्षा उतरली, हे मात्र स्वच्छ दिसतं. बारावीच्या, नीटच्या, एमपीएससीच्या मुलांच्या आईवडिलांनी हे जरूर लक्षात ठेवावं. सकाळी मूल घाबरून म्हणालं, 'परीक्षेला पोहोचायला उशीर झाल्याचं स्वप्न पडलं,' तर त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगा, 'छान झालं, तुझी तयारी मनापर्यंत पोहोचली आहे.'

शेवट तुम्ही लिहा

तेच स्वप्न वारंवार छळत असेल तर एक सोपा उपाय आहे. अमेरिकी डॉक्टर बॅरी क्राको यांनी दुःस्वप्नांनी पछाडलेल्या स्त्रियांवर तो वापरला आणि २००१ साली त्याचे चांगले परिणाम प्रसिद्ध केले. दिवसा, पूर्ण जागेपणी, स्वप्न कागदावर उतरवा. मग त्याचा शेवट हवा तसा बदला. गार्डने तुम्हाला पाहून गाडी थांबवली, आतून कुणीतरी हात दिला किंवा तुम्ही शांतपणे बाकावर बसून पुढच्या गाडीची वाट पाहिली, जे मनाला बरं वाटेल ते. ही नवी गोष्ट रोज काही मिनिटं डोळ्यांसमोर आणा. त्रास जास्त असेल, झोपच उडाली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला मुळीच संकोच करू नका.

आणि मग स्वतःला विचारा

पुढच्या वेळी गाडी सुटली आणि जाग आली, तर शकुन शोधत बसू नका. तीन प्रश्न पुरे आहेत. ती गाडी कुठं चालली होती? तिच्यात कोण बसलं होतं? आणि मला खरंच तिनंच जायचं होतं का?

पहिल्या प्रश्नात राहून गेलेलं काम सापडेल. दुसऱ्यात फोन करायचं राहून गेलेलं माणूस सापडेल. तिसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं, तर अंगावर उगाच घेतलेलं एखादं ओझं आजच उतरवून ठेवता येईल. उत्तर 'हो' आलं, तर तयारीला लागा. जागेपणीची गाडी अजून सुटलेली नाही.